पिवळ्यात पिवळी

दिवाळी जवळ आली की आमच्या सदाशिव पेठेतली माणसे वर्षातून एकदाच जेथे जातात तेथे जातात. ते ठिकाण म्हणजे टीव्हीची पाठ. एरवी हा मुलूख कोळ्यांच्या आणि धुळीच्या स्वाधीन केलेला असतो. साफसफाईच्या निमित्ताने टेबल पुढे ओढले की मागे तारांची जी जटा दिसते तिच्याकडे पाहून घरातला कर्ता पुरुष एक दीर्घ निःश्वास सोडतो, फडके नुसते वरवर फिरवितो आणि टेबल पुन्हा भिंतीशी लावून टाकतो. एखादी वायर निघून आली तर ती बसवायची कोणी, हा त्याचा खरा प्रश्न असतो. शिवाय प्रत्येक घरात माळ्यावर एक कापडी पिशवी असते. तिच्यावरचे दुकानाचे नाव पुसट झालेले असते आणि आत निवृत्त झालेल्या वायरी गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्या कशाच्या, हे कोणास ठाऊक नसते. ‘असू द्यावी, लागली तर’ या तत्त्वावर त्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आणि फ्लॅटमधून मुलाच्या फ्लॅटमध्ये जातात. पुणेकर एक वेळ जुना स्नेही टाकील, पण जुनी वायर टाकणार नाही.

यंदा या सदरासाठी विषय घेतला आहे तो त्या पिशवीतला. खेळाचे यंत्र, म्हणजे मुले ज्याला व्हिडिओ गेम म्हणतात ते, टीव्हीला जोडावयाचे कसे? मराठी शिकविणाऱ्या बाईने यात तोंड का घालावे, असे संपादकांनी विचारले नाही. वाचक विचारतील म्हणून सांगते. यापायी आमच्या इमारतीतल्या एका वृद्ध बाईंचे सातशे रुपये आणि पंधरा दिवसांची झोप गेली, आणि मग ते काम माझ्याकडे आले. ते करता करता माझे असे मत झाले की हा प्रश्न विजेचा कमी आणि भाषेचा अधिक आहे. तेव्हा माझा अधिकार अगदीच नाही असे नाही.

या खेळाचा आद्य पुरुष राल्फ बेअर. जर्मनीतून १९३८ साली कुटुंबासह जीव वाचवून अमेरिकेस गेलेला हा ज्यू इंजिनिअर. १९६६ साली त्याच्या मनात आले की घरोघरी हे टीव्ही बसले आहेत. दुसऱ्याने दाखविलेले पाहत राहण्याखेरीज माणसाला त्यांच्याशी काहीच करता येऊ नये का? अडचण एवढीच, की त्या काळच्या टीव्हीला बाहेरून आत शिरावयास एकच वाट होती, ती अँटेनाची. त्या वाटेने प्रक्षेपण केंद्राच्या लहरी तेवढ्या येत. म्हणून बेअरने आपल्या यंत्रालाच केंद्राचे सोंग दिले. यंत्र चित्र तयार करी, ते तीन किंवा चार क्रमांकाच्या चॅनेलच्या लहरीवर चढवी आणि अँटेनाच्या दाराने आत सोडी. टीव्ही बिचारा समजे, कोठले तरी केंद्र लागले! बहुरूपी फौजदाराचा वेष करून दारात येतो आणि आपण घाईघाईने खुर्ची पुढे करतो, त्यातला प्रकार. १९७२ साली हे यंत्र ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ या नावाने विकावयास आले. त्याला आवाज नव्हता, रंगही नव्हते. रंगीत मैदान हवे असेल तर रंगीत प्लॅस्टिकचा कागद काचेवर लावावयाचा.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचे टीव्ही केंद्र सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागले. तिकडे माणसे टीव्हीशी खेळू लागली होती तेव्हा इकडे आपण दुसऱ्याच्या घरी त्याच्यापुढे सतरंजीवर बसावयास शिकत होतो.

माझ्या पिढीकडे हा खेळ आला तो १९९० नंतर. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र काढले होते. त्याच्या नकला पूर्वेकडच्या देशांतून इकडे आल्या आणि मध्यमवर्गीय घरांतून वार्षिक परीक्षेच्या निकालावर बक्षीस म्हणून शिरल्या. मारिओ, कॉन्ट्रा आणि बदके मारावयाची बंदूक ही त्यांची दैवते. खेळाच्या डबीला आम्ही ‘कॅसेट’ म्हणत असू. ती चालेनाशी झाली की तिच्या बुडाशी फुंकर घालावयाची, हा वैदिक विधी सर्वांस ठाऊक होता. एकेका कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे बेधडक छापलेले असे. मोजावयास बसले तर वीस-पंचवीस निघत, बाकीचे सारे त्यांचेच पुनर्जन्म. जोडणी मात्र बेअरच्याच मार्गाने होई. अँटेनाची वायर काढा, तेथे यंत्राची घाला, आणि टीव्हीच्या पोटाशी असलेले चाक नखाने फिरवीत बसा, पडद्यावरच्या मुंग्यांतून मारिओ उगवेपर्यंत. ज्या घरात खेळ चालू असेल त्या घरच्या आजीची मालिका चुकलीच म्हणून समजा, कारण दार एकच.

ज्यांचे मामा-काका अमेरिकेत होते त्यांची कथा आणखी निराळी. पेठेत असे मामा विपुल. ते अस्सल यंत्र बॅगेतून आणीत, आणि पहिल्याच संध्याकाळी त्याचा अ‍ॅडॉप्टर आपल्या भिंतीतल्या २३० व्होल्टांना बळी पडे, कारण तिकडचा दाब जवळजवळ निम्मा. त्यातून जे यंत्र वाचे त्याचे चित्र येथे काळे-पांढरे दिसे, वर-खाली घसरे, आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर ऐकू येई. मामा म्हणत, “वायर खराब आहे.” वायर ठणठणीत असे. अमेरिकेत चित्र ५२५ ओळींचे, आपल्याकडे ६२५ ओळींचे. तेथे पडदा सेकंदाला साठ वेळा झाडावयाचा, येथे पन्नास वेळा. रंग सांगण्याची खूण तेथे ३.५८ मेगाहर्ट्झवर, येथे ४.४३ वर, आणि चित्रापासून आवाज तेथे साडेचार मेगाहर्ट्झ अंतरावर ठेवलेला, येथे साडेपाच. दोन्ही टोकांना बोलणारे शहाणेच होते, पण भाषा दोन होत्या.

वायरीबद्दल आपली जी सार्वत्रिक गैरसमजूत आहे ती येथेच आहे. वायर हा जासूद आहे, दुभाषा नव्हे. दिलेला खलिता जसाच्या तसा पोचविणे एवढेच तिचे काम. खलिता मोडीत असेल आणि वाचणाऱ्यास बाळबोधच येत असेल, तर जासूद कितीही इमानी आणि कितीही सोन्याने मढविलेला असला तरी उपयोग काय?

आता माईंकडे येते. माई आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, वय एकोणऐंशी. इमारत पाडून नवी व्हावयाची आहे आणि जानेवारीत सर्वांनी घरे रिकामी करावयाची आहेत, त्यामुळे यंदाची साफसफाई ही साफसफाई नसून निरवानिरव आहे. माईंना दोन मुलगे. थोरला न्यू जर्सीला, धाकटा कोथरूडला. दोघांत चार वर्षे बोलणे नाही. कारण सदाशिव पेठेत सांगावे लागत नाही, जागा. कागदांवर सह्या करावयास थोरला या दिवाळीत येणार, आणि धाकट्यालाही यावेच लागणार. अशात माळ्यावरून १९९४ सालची ती खेळाची पेटी निघाली. पिवळट पडलेली, पण दोन्ही पॅड, बंदूक आणि तीन कॅसेटी जागच्या जागी.

थोरल्याने फोनवर सांगितले, “आई, टाकून दे ते. हल्ली हे खेळ फुकट मिळतात.” धाकटा एका रविवारी आला, दुसरा पॅड हातात घेऊन जरा वेळ बसला, आणि काही न बोलता ठेवून गेला. त्या पेटीच्या दुसऱ्या पॅडाला खेळ सुरू करावयाचे बटणच नसते. जपानी मूळ यंत्रातही नव्हते. सुरू करावयाचा तो थोरल्यानेच. माईंना हे बरोबर आठवत होते. त्या मला म्हणाल्या, “अगं, ही पेटी एकदा चालली पाहिजे. मग भंगारात गेली तरी चालेल.”

माईंचा जुना फुगीर टीव्ही भंगारात जाऊन वर्षे झाली. आताचा सपाट, भिंतीवर टांगलेला. तळमजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा त्यांच्यासाठी एका दुकानात गेला. दुकानदाराने एका टोकाला चपटी एचडीएमआय पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी एक देखणी वायर दिली. “चालेल ना?” “पळेल!” अडीचशे रुपये. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ ही अक्षरे तेवढी पळाली. मग त्याच दुकानाने साडेचारशेची एक लहान डबी दिली. पुन्हा तेच.

दोन्ही वस्तू मी पाहिल्या. पहिली म्हणजे शुद्ध जासूद. तिच्या पोटात तांब्याच्या तारांखेरीज काही नव्हते. पेटीच्या पिवळ्या भोकातून निघते ती मिसळ : चित्राचा उजेड, त्याचे रंग आणि प्रत्येक ओळ कोठे सुरू व्हावयाची याच्या खुणा, सारे एकाच कटात एकजीव झालेले. पांढऱ्या आणि लाल भोकांतून निघतो तो आवाज, डावा आणि उजवा. याउलट २००२ साली जन्मलेली एचडीएमआय ही जोडणी एकोणीस संपर्कांची. तिच्यातून चित्र लहरींचे नव्हे तर निव्वळ आकड्यांचे जाते. मिसळ आणि पाढे यांची गाठ नुसत्या तारेने घालता येत नाही. मध्ये दुभाषा हवा, आणि त्याला पोटाला वीज हवी. म्हणून खऱ्या डबीला मोबाइलच्या चार्जरसारखी स्वतंत्र वायर असते. ती नसेल तर दुभाषा नाही असे खुशाल समजावे.

दुसऱ्या डबीत दुभाषा होता, पण उलटा. तिच्यावर ‘एचडीएमआय टू एव्ही’ असे छापले होते. आपल्याला हवी होती ‘एव्ही टू एचडीएमआय’. नव्या यंत्राचे चित्र जुन्या टीव्हीवर दाखविणारी आणि जुन्या यंत्राचे नव्यावर दाखविणारी, या दोन वस्तू आकाराने, रंगाने, किमतीने जुळ्या बहिणी. फरक फक्त विभक्तीचा. कोठून याला पंचमी आणि कोठे याला चतुर्थी, हे आठवीतल्या मुलीला विचारले तरी सांगेल. पण व्याकरणाचा व्यवहारात उपयोग काय, असे मला गेली वीस वर्षे विचारणारी मंडळी त्याच दुकानात रांग लावून उभी असतात.

ज्यांच्या घरी यंदा नवे कोरे यंत्र येणार असेल त्यांनी इतके घाबरू नये. नव्या यंत्रांची आणि नव्या टीव्हींची भाषा एकच आहे. एचडीएमआयची पिन उलटी बसत नाही, आणि प्ले-स्टेशन पाचसारख्या यंत्राच्या खोक्यात वायर येतेच. ती बाजूला ठेवून सोन्याच्या मुलाम्याची महाग वायर घेण्याचे कारण नाही. आकड्यांचे चित्र पोचले तर पूर्ण पोचते, नाही तर लुकलुकते आणि तुटते. मुलाम्याने त्याचे रंग खुलत नाहीत. फक्त एक पाहावे. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय भोकांची योग्यता सारखी नसते. सेकंदाला एकशेवीस चित्रे दाखविण्याची हौस असेल तर भोकाजवळ तसे लिहिले आहे का ते वाचावे, आणि वायर ४८ गिगाबिटांची, ‘अल्ट्रा हायस्पीड’ म्हणून प्रमाणित असलेली घ्यावी. ‘एआरसी’ लिहिलेल्या भोकात यंत्र चालते, पण स्पीकर बाहेरचा लावला असेल तर ते त्याच्यासाठी मोकळे ठेवावे. असो. हे श्रीमंतांचे प्रश्न.

माईंच्या टीव्हीमागे मी विजेरी घेऊन शिरले आणि जी जी भोके दिसली ती एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून घेतली. बाजारात जाण्यापूर्वी एवढेच करावयाचे असते, आणि नेमके हेच कोणी करीत नाही. एचडीएमआयची दोन, अँटेनाचे एक, पेनड्राइव्हचे एक, आणि अगदी कडेला, कानात घालावयाच्या हेडफोनचे असते तसे एक बारीक गोल भोक. त्याच्याखाली मुंगीच्या अक्षरांत ‘एव्ही इन’. म्हणजे हा सपाट गृहस्थ जुनी भाषा विसरला नव्हता. तिचे दार तेवढे बारीक करून ठेवले होते. डबीची गरजच नव्हती.

ती पत्रिका घेऊन पेरूगेटावरून निघाले ते लक्ष्मी रस्त्याची आकाशकंदिलांची गर्दी कापीत बुधवारातल्या तपकीर गल्लीत. नावात तपकीर आणि दुकानांत विजेचे सामान, असे हे पुण्यातले विद्यापीठ. पहिल्या दुकानात मला “साहेबांना पाठवा” असा सल्ला मिळाला. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र पत्रिका हातात घेतली, चष्मा कपाळावर चढविला आणि विचारले, “पेटीवर भोकं किती?”

“दोन. एक पिवळं, एक पांढरं.”

“म्हणजे आवाज एकेरी. बरं.” त्यांनी ड्रॉवरमधून वीतभर लांबीची वायर काढली. एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत भोके. पिनेवर तीन काळी वलये, म्हणजे चार कप्पे : दोन आवाजांचे, एक चित्राचा, एक सर्वांच्या सामाईक जमिनीचा. “या कप्प्यांचा क्रम मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा,” ते म्हणाले. “पिवळ्यात पिवळी घाला. चित्र नाही आलं आणि टीव्ही गुरगुरला, तर समजा की चित्र आवाजाच्या खोलीत शिरलंय. मग पिवळी लालमध्ये घालून बघा. कशानंही नाही जमलं तर वायर परत आणा. ऐंशी रुपये.”

पिवळ्यात पिवळी हा नियम मी लहानपणापासून वेदवाक्य मानीत आले होते. माईंच्या घरी पेटी लावली, रिमोटवरचे ‘सोर्स’ बटण दाबून ‘एव्ही’ निवडले (हे न करता वायरीला शिव्या देणारे लोक मी पाहिले आहेत), आणि टीव्ही खरोखर गुरगुरला. पिवळी काढून लाल भोकात घातली. क्षणभर अंधार, आणि मग ते निळे आकाश, त्या विटा, ते तीस वर्षांपूर्वीचे संगीत! माई पलंगावरून उतरल्या आणि पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

दोन किरकोळ गोष्टी उरल्या. चित्र आडवे ताणले गेले होते आणि मारिओ श्राद्धाचे जेवून आल्यासारखा दिसत होता. चित्राचा आकार ‘चार-तीन’ केल्यावर तो सडपातळ झाला. दुसरे म्हणजे बटण दाबल्यावर तो किंचित उशिरा उडी मारी आणि खड्ड्यात पडे. नवे टीव्ही आलेले चित्र तसेच दाखवीत नाहीत. आधी ते घासूनपुसून सुधारतात, आणि त्यात सेकंदाचा एक बारीक तुकडा जातो. ‘गेम मोड’ चालू केला की ही सुधारणा बरीचशी थांबते. (असे एक बटण काही परीक्षकांना बसविता आले तर किती बरे होईल.) पेटीचा अ‍ॅडॉप्टर सुदैवाने मूळचाच होता. तो हरवला असता तर व्होल्टांचा आकडा आणि अधिक-उण्याची खूण जुळल्यावाचून दुसरा लावू दिला नसता. त्या आकड्यांशी खेळून पेट्या जळाल्या आहेत.

मग माईंनी बंदूक पुढे केली. बदकांची कॅसेट लावली, बदके उडाली, माईंनी स्वतः नेम धरून चाप ओढला. एकदा, दोनदा, दहादा. एकही पडले नाही. याला मात्र कोठल्याच गल्लीत वायर मिळत नाही. ती बंदूक काही मारीत नसते, ती पाहत असते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, आणि बदकाच्या जागी तेवढाच एक पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या काचेमागचा डोळा तो उजेड टिपतो. जुन्या फुगीर टीव्हीत किरणाचा एक ठिपका सेकंदाला १५,६२५ ओळी या वेगाने काच झाडीत जाई, आणि त्या डोळ्याला ती फडफड नेमकी त्या क्षणी लागते. सपाट टीव्हीत तो किरणच नाही, आणि जो उजेड येतो तो उशिरा येतो. बंदूक ठणठणीत आहे, वायर ठणठणीत आहे. जिच्याकडे पाहावयाचे ती काच गेली.

हे माईंना समजावून सांगताना मला वाईट वाटत होते. माईंनी बंदुकीची वायर हातावर नीट गुंडाळली.

“बरंच झालं,” त्या म्हणाल्या. “हिच्यावरूनच भांडायचे दोघं. बंदूक एक आणि पोरं दोन. राहू दे पिशवीत. मला एवढंच सांग, हे पॅड सोफ्यापर्यंत पोचतील का?”

मी वायरी ताणून पाहिल्या. त्या हातभरच होत्या. सोफ्यापर्यंत पोचत नव्हत्या, आणि पेटीची वायरही टीव्हीपासून फार लांब जात नव्हती. “नाही पोचत, माई. दोघांनाही खाली बसावं लागेल, टीव्हीच्या अगदी पुढ्यात. शेजारी शेजारी.”

माईंनी कपाट उघडले आणि सतरंजी काढून उन्हात टाकावयास मला गच्चीवर पाठविले.